पापलेट, सुरमई, बांगडा

"मॅडम, तुम्हाला स्वतःला विसरून जावंसं वाटतं असं काही आहे का?"

खरं तर हा प्रश्न माझा नव्हता. झैनब मुकादमने तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला, श्रुतिका मयेकरने त्याखाली दोन जाड रेघा मारल्या आणि 'विचारून दाखव, पैज' म्हणत वही माझ्या मांडीवर सरकवली. शाळेत विज्ञान दिनाचा कार्यक्रम चालू होता. सभागृहात साडेतीनशे मुलं, आणि पाहुण्या होत्या डॉ. वृंदा केळुसकर. म्हणजे ज्यांनी 'स्मृतिधर' थेंबांमागे आयुष्याची वीस वर्षं घातली, त्या. अशा बाईंना असलं काही विचारायचं? गेल्या वर्षीची शर्वाणी सुर्वे असती तर बाकाखाली शिरली असती. पण यंदा मी वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आले होते, केस कानापर्यंत कापले होते, आणि आवाज पोटातून कसा काढायचा ते मला समजलं होतं. मी उभी राहिले आणि विचारून टाकलं.

मुख्याध्यापकांच्या भुवया टकलापर्यंत चढल्या. केळुसकर मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "मला फारसं नाही. पण माझ्या मुलाला विचारलंस तर तो यादी देईल. लांबलचक."

सगळं सभागृह हसलं. मीसुद्धा. मॅडम हसल्या नव्हत्या, हे मला आठवलं ते थेट जूनमध्ये.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते मात्र मी घरी येऊन तीनदा बोलून दाखवलं, त्यामुळे ते पाठच आहे. आपल्याला तीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही. आठवतं असं वाटतं ते बहुधा फोटोत पाहिलेलं किंवा कुणी सांगितलेलं असतं. का? तर मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे. नव्या आठवणी आधी तिथे बांधल्या जातात. बाळपणी त्या जागी नव्या पेशी भराभर जन्मतात आणि प्रत्येक नवी पेशी जुन्यांशी हात जोडायला जाते. मॅडम म्हणाल्या, असं समजा की वर्गात रोज दहा नवी मुलं येताहेत आणि बाई रोज सगळ्यांच्या जागा बदलताहेत. महिनाभराने पहिल्या दिवशी कोण कुणाशेजारी बसलं होतं हे कुणाला सांगता येईल का? मुलं तीच आहेत, बाकं तीच आहेत, पण मांडणी गेली. आठवण म्हणजे ती मांडणी.

स्मृतिधरचे थेंब एवढंच करतात की नव्या मुलांना वर्गात हळूहळू सोडतात. मग जुनी मांडणी टिकते. ज्यांची आई किंवा वडील फार आजारी आहेत अशा लहान मुलांसाठी ते आधी निघाले, आणि दोन वर्षांपासून मुलांना घेऊन परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनाही मिळायला लागले होते. पहिल्या डोसाचा परिणाम आठ आठवड्यांत ओसरतो. त्याच्या आत दुसरा दिला तर तो मूल सहा वर्षांचं होईपर्यंत टिकतो आणि मग मागे फिरवता येत नाही. नवं शिकणं जरा मंदावतं, हेही त्या म्हणाल्या होत्या. ते मी घरी बोलून दाखवलं नाही. विसरले म्हणून नाही. भाषणात ते बसत नव्हतं.

आता, हे सगळं मला इतकं का हवं होतं?

तर आमच्या आईला अभ्यासरजा मिळाली होती. आई रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात कालवांवर काम करते. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेली ती शिंपली, जी काढताना हमखास हात कापतो. पाणी तापत चाललंय तसं ती कवच कशी बदलतात हे बघायला तिला दीड वर्षासाठी नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाच्या एका गावी बोलावलं होतं, आणि सगळ्या कुटुंबासकट बोलावलं होतं. बाबा हायस्कूलवर गणित शिकवतो. त्याने बिनपगारी रजा टाकली. मी दहावी तिकडून देणार होते. आणि आमची जुळी, यशोधन आणि यामिनी, म्हणजे बंडू आणि चिमी, तीन वर्षांची, तिकडच्या बालवाडीत जाणार होती. आमच्यासारख्यांना कानात दुभाषी घालून भागतं. सहा वर्षांखालच्या मुलांना तो घालायला बंदी आहे, म्हणून त्यांना भाषा शिकावीच लागते.

आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत तयारीच्या कागदांनी भरून गेली होती. कोकमं किती, मसाला किती, तो विमानात कुठल्या पिशवीत ठेवला तर वास येणार नाही, लोकरीचे मोजे कुणाचे किती, दिवसभर अंधार असतो तेव्हा मुलांना झोपवायचं कसं. बाबाने एक तक्ता काढला होता, त्यात प्रत्येकाला नेण्याच्या तीन आवडत्या वस्तू लिहायच्या होत्या. चिमीने सांगितलं: कोंबडी, कोंबडी आणि बंडू. बंडूने एकच सांगितलं. आत्तू.

आत्तू म्हणजे वैशूआत्या, बाबाची मोठी बहीण. ती पोस्टात होती. जुळी सातव्या महिन्यातच जन्मली, आईची रजा संपली, तेव्हा आत्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आमच्याकडे राहायला आली. तेव्हापासून आई प्रयोगशाळेत, बाबा शाळेत, मी माझ्या तोऱ्यात, आणि जुळी आत्याकडे. पण नॉर्वेचा परवाना आईवडील आणि त्यांची मुलं एवढ्यांचाच मिळत होता. आईने दोनदा अर्ज केला, दोनदा नम्र उत्तर आलं.

आत्याचं एक रोजचं काम होतं. संध्याकाळी साडेपाचला ती मागच्या पायरीवर दोघांना शेजारी शेजारी बसवायची, तांब्यात कोमट पाणी घ्यायची आणि त्यांचे मातीने भरलेले पाय धुवायची. एकेक बोट धरून एकेक नाव. अंगठा पापलेट, मग सुरमई, मग बांगडा, मग बोंबील, आणि करंगळी मांदेली. मांदेलीला चिमटा काढला की दोघं खिदळायची.

ही नावं माझी होती. म्हणजे मी बोटांवर काहीही मोजायचं तर एक-दोन-तीन म्हणत नाही, पापलेट-सुरमई-बांगडा म्हणते. अगदी लहानपणापासून. झैनब आणि श्रुतिका त्यावरून मला बाजारची बाय म्हणतात. आत्याने ते माझ्याकडून उचललं असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आत्या नुसती पाणी घालत राहायची.

विज्ञान दिनानंतर दोनच दिवसांनी मी पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसले आणि माझी मोठी बातमी सांगितली. असे असे थेंब आहेत, आपण दोघांना देऊया, मग दीड वर्षाने परत येतील तेव्हा तू त्यांना जशीच्या तशी आठवशील.

"विसरली तर विसरली गो," ती म्हणाली. "लहान पोरं ती."

पण तिचा हात तांब्यात तसाच राहिला होता. मी तो बघितला. आणि मी म्हणाले, "आत्या, ते तुला विसरणार नाहीत. माझी जबाबदारी."

मग मी आईबाबांच्या मागे लागले. तीन संध्याकाळी भाषणं दिली. आई म्हणत होती की औषध ते औषध, हौसेने द्यायची गोष्ट नाही. मी तिला विचारलं की आत्याने तीन वर्षं काढली ती पुसून टाकायची का. आई हो म्हणाली. हा प्रश्न घाव घालतो हे मला माहीत होतं, म्हणून तर शेवटी ठेवला होता. बाबा तर पहिल्याच दिवशी विरघळला होता, बहिणीचा विषय निघाला की तो असाच.

वीस एप्रिलला डोस होता. त्या सकाळी चिमीला ताप आला. अंगात ताप असताना थेंब देत नाहीत, त्यामुळे परिचारिकेने फक्त बंडूच्या जिभेवर ते दोन निळसर थेंब सोडले. चिमीचं मे महिन्यानंतर बघू असं ठरलं. बंडूने तोंड वाकडं केलं आणि विचारलं, चिमीला का नाही? त्याला वाटलं आपल्याला शिक्षा झाली.

मे महिना हा आमचा सरावाचा महिना होता. लहान मुलांचं कुटुंब बोलावलं की तिकडच्या संस्थेची अटच असते: निघण्याआधी एक महिना घर सोडून भलत्या गावी राहायचं, तिकडचंच वेळापत्रक पाळायचं, घरच्या माणसांशी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बोलायचं, आणि मुलं कशी रुळतात ते लिहून पाठवायचं. आम्ही पन्हाळा निवडला, त्यातल्या त्यात थंड म्हणून. विनाचालक एसटीने घाट चढलो. कंडक्टर मात्र अजून असतो, आणि चालक नसल्यामुळे त्याला गप्पा मारायला कुणी नसतं, म्हणून तो कोल्हापूरपर्यंत बाबाशी बोलत राहिला. निघताना आत्या फाटकाशी उभी होती. बंडूला खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत तिने हात हलवला नाही. हलवला तर तो रडेल, असा तिचा हिशोब होता.

पहिल्या संध्याकाळी साडेपाचला बाबा तांब्या घेऊन पायरीवर बसला. दोघंही रडली. चिमी दुसऱ्या दिवशी थोडी कमी रडली, तिसऱ्या दिवशी तिला बाबाच्या नाकावर पाणी उडवण्यात मजा वाटायला लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात ती नॉर्वेजियन शब्दांच्या सरावात रस्त्यावरच्या कुत्र्याला "तक्क" म्हणायला लागली. तक्क म्हणजे आभार. कुत्रा तिच्यावर खूश होता.

बंडूने पहिल्या दिवशी पाय वर उचलून धरला आणि विचारलं, "आत्तू कुठे?"

पाचव्या दिवशी त्याने पाय वर उचलून धरला आणि विचारलं, आत्तू कुठे. बाराव्या दिवशी तेच. एकोणिसाव्या दिवशी तेच. तोच आवाज, तेवढेच डोळे भरलेले. आई संशोधक आहे, तिने वहीत मिनिटं लिहायला घेतली होती. चाळीस. बेचाळीस. अडतीस. एकेचाळीस. चाळीस. कालवांच्या वाढीची नोंद ती याच अक्षरात करते. विसाव्या दिवशी तिने पेन खाली ठेवलं आणि बाबाला म्हणाली, "उतरतच नाहीये रे."

आणि मग माझी गोष्ट आहे. ती मला सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय हे सगळं खोटं होईल.

बारा मेला मी झैनबशी फोनवर बोलत होते, कानात सरावाचा दुभाषी तसाच होता. बंडू माझ्या पायाशी "आत्तू, आत्तू" करत आला, त्याने माझा दुभाषी ओढला आणि फरशीवर आपटला. मी त्याला एक थोबाडीत दिली. जोरात नाही. म्हणजे आवाज आला, पण जोरात नाही. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मी लगेच त्याला उचललं, पापे घेतले, चिक्की दिली. झालं, संपलं. लहान मुलं अशीच असतात, चहा होईपर्यंत विसरतात. आदल्याच आठवड्यात चिमीला मी झोपाळ्यावरून ढकललं होतं, ती संध्याकाळी माझ्याच मांडीवर झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. बंडू शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तू मला मारलंस."

मी सॉरी म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो परत आला. ताई, तू मला मारलंस. राग नव्हता त्यात, चुगली नव्हती. तो नुसतं सांगत होता, आत्ताच घडल्यासारखं, आणि त्याचा हात गालावर होता. महिना संपेपर्यंत रोज सकाळी मला माझी ती थप्पड परत ऐकू आली. मी किती सॉरी म्हणाले ते मोजलं नाही. मोजायला बोटं पुरली नसती.

एकतीस मेला आम्ही घरी आलो. आत्याने दार उघडलं तेव्हा तिने हिरवी साडी नेसली होती, जी ती फक्त लग्नाला नेसते. तिने दोन्ही हात पुढे केले. बंडू बाबाच्या कडेवरून अक्षरशः उडी मारून तिच्या गळ्यात पडला. चिमी आईच्या मागे लपली. आईचा कुर्ता तोंडावर ओढून एका डोळ्याने बघत राहिली, पाहुण्यांकडे बघते तशी.

आत्या हसली. "नवी साडी ना, म्हणून," असं काहीतरी म्हणाली. आणि चिमीसाठी पुढे केलेला हात तिने बंडूच्या पाठीवर ठेवला, जणू तो तिथेच जायचा होता.

चिमी तासाभरात परत तिची झाली, हे खरं. पण तो तास सगळ्यांनी बघितला होता.

त्यानंतरचा आठवडा घरात कुणाचं कुणाशी धड बोलणं नव्हतं. बाबाचं म्हणणं, बघितलंत ना, एक महिन्यात चिमी लपली, दीड वर्षात काय होईल, चौदा जूनच्या आत बंडूला दुसरा डोस आणि चिमीला पहिला दिलाच पाहिजे. आईने वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. चाळीस, बेचाळीस, अडतीस. बाबाने वही मिटली. तिकडे बंडू आत्याला बाथरूमलाही एकटी सोडेना. दाराबाहेर बसून दार बडवायचा, आणि आत्या आतून गात राहायची, म्हणजे त्याला कळावं की ती आहे. शेवटी आई थकून मला म्हणाली, हे तू सुरू केलंस, रविवारपर्यंत तुला काय वाटतं ते तूही सांग. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी केळुसकर मॅडमना फोन लावला. वाटलं होतं त्या मला ओळखणार नाहीत. मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या, तो प्रश्न विचारणारी ना तू.

मी विचारलं की आत्याची आठवण ठेवून थपडेची काढता येईल का. त्यांनी सांगितलं की नाही येत. मांडणी टिकते तर सगळीच टिकते, थेंबाला त्यातलं माणूस कळत नाही. आणि बंडूचं रडणं का उतरत नाही तेही सांगितलं. लहान मूल नव्या जागी रुळतं ते धीट असतं म्हणून नाही. जुनी जागा पुसली जाते म्हणून रुळतं. आपण ज्याला रुळणं म्हणतो ते पुष्कळसं विसरणंच असतं.

मग मी त्यांच्या मुलाबद्दल विचारलं. या वेळी मला कुणी पैज लावली नव्हती.

"बारा वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या. "हुशार आहे, सगळं छान आहे. तो अडीच वर्षांचा असताना त्याला सांभाळणाऱ्या ताई लग्न होऊन गेल्या. दर वर्षी त्याच तारखेला तो जेवत नाही. मी त्याला पहिले थेंब फार प्रेमाने दिले होते, शर्वाणी. त्याच्या बाबांचं आजारपण होतं, त्याला ते आठवावेत म्हणून. आठवतात. हॉस्पिटलमधलेसुद्धा." मग म्हणाल्या, "तू काय ठरवावंस ते मला विचारू नकोस. मी डॉक्टरही आहे आणि त्याची आईही आहे, आमच्या दोघींचं एकमत नाही."

शनिवारी दुपारी आत्या मागच्या पडवीत बसली होती. बंडू तिच्या मांडीवर झोपला होता, तिच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. मी समोर बसले. येताना मी मनात दहा वाक्यं जुळवून आणली होती, चांगली, उतरत्या आवाजाची. त्यातलं पहिलंच म्हणायला तोंड उघडलं आणि बाकी सगळी गेली.

"आत्या, बंडूला दुसरा डोस द्यायला नको."

ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे विसरेल तो मला."

"हो," मी म्हणाले.

ती रागवेल असं वाटलं होतं. किंवा "असू दे गो" म्हणून मला सोडवेल, आणि त्याचीच मला जास्त भीती होती. पण तिने खरं काय ते सांगितलं. म्हणाली की तिला तो डोस हवा होता. मार्चमध्ये मी पायरीवर येऊन बोलले त्या दिवसापासून ती रोज देवाकडे दिवा लावताना तेच मागत होती, आणि पन्हाळ्याहून दर रविवारी फोनवर बंडू रडला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि बरंही वाटायचं. "बघ काय बाई आहे मी," ती म्हणाली. "पोर रडतंय आणि मला बरं वाटतंय."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"तू पण लपली होतीस," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"तीन वर्षांची होतीस. माझी बदली झाली गोंदियाला. तोवर तू माझ्याकडेच असायचीस, तुझ्या आईची पीएचडी चालू होती ना. दिवाळीला आले रजा काढून, तर तू आईच्या मागे. विचारतेस तिला, ही कोण?" तिने माझा आवाज काढला, बारीक, अगदी चिमीसारखा. "मग दर दिवाळीला नवी ओळख करायची आपण. आठ वर्षं."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी खूप प्रयत्न केला, तिच्यासमोर बसून, डोळे मिटून. माझ्यासाठी वैशूआत्या म्हणजे दिवाळीला फ्रॉक आणणारी, फोटोत कडेला उभी असणारी आत्या होती, जी जुळी झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. त्याआधी काही नाही. कोरं.

"तुझे पाय पण मीच धुवायचे," ती म्हणाली.

मी माझ्या हाताकडे बघितलं. अंगठा आपोआप हलला. पापलेट.

"मला वाटायचं, तू ते माझ्याकडून..."

"हो ना. सगळ्यांना सांगायचीस तू." ती पहिल्यांदा हसली. "मी कशाला मध्ये बोलू?"

मी रडले का, तर रडले. बंडू उठू नये म्हणून आवाज न करता, आणि ते पोटातून आवाज काढण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. आत्याने मला जवळ घेतलं नाही, तिची मांडी अडकलेली होती. तिने नुसता पदराचा मोकळा भाग माझ्याकडे टाकला.

मग तिने उठल्यासारखं करून बंडूला माझ्या मांडीवर सरकवलं. पदराचं टोक त्याच्या मुठीतून सोडवायला तिला वेळ लागला, एकेक बोट. आणि मला कामाचं सांगावं तसं सांगितलं. आजपासून पाय तू धुवायचे. मी आत बसेन. तो ओरडेल, ओरडू दे, उठून यायचं नाही मी आणि बोलवायचं नाही तू. थेंब उतरायला लागतील तसा तुझ्याकडे वळेल. निघायला दोन महिने आहेत, तेवढ्यात होतं.

"पाणी कोमट घे, पोरं गरम म्हणून पाय मागे घेतात," ती म्हणाली. आणि दारातून वळून, "नावं बदलू नकोस."

साडेपाचला मी दोघांना पायरीवर बसवलं. चिमीने लगेच पाय पुढे केले. बंडूने पाय वर उचलून धरला आणि विचारलं. मी सांगितलं की आत्तू आत आहे आणि आज ताई धुणार. तो असा ओरडला की शेजारचे नागवेकर फाटकापर्यंत येऊन बघून गेले. आत स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. भात दुपारचाच होता, डाळ झाली होती. तरी कुकरने सात शिट्ट्या दिल्या, रिकामा की कसा, मी विचारलं नाही.

मी बंडूचा पाय धरून ठेवला. पापलेट. सुरमई. बांगडा. तो लाथा मारत होता, माझे सगळे कपडे भिजले. बोंबील. मांदेलीला चिमटा काढला तेव्हा तो हसला नाही, पण एक क्षण ओरडायचा थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, तू मला मारलंस."

"हो," मी म्हणाले, आणि दुसरा पाय घेतला.

रविवारी सकाळी आईबाबा स्वयंपाकघरात तयारीच्या भिंतीपुढे बसले होते. आत्या दोघांना घेऊन कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती, मुद्दामच. मी बाबाच्या तक्त्याजवळ उभी राहिले. बंडूच्या रकान्यात अजून तो एकच शब्द होता. वक्तृत्वात शिकवतात की आधी श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा. मी बघितलं. आईचे डोळे सुजलेले होते, बाबाचेही.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "बंडूला दुसरा डोस नाही, चिमीला पहिलाही नाही. आत्याला मी काल सांगितलं. तिकडे गेल्यावर रोज साडेपाचला त्यांचे पाय मी धुणार, अंधार असो नाहीतर बर्फ असो, आणि ते कुणी शिकवलं हे विचारण्याइतके मोठे झाले की सांगणार. पण तोपर्यंत ते तिला विसरलेले असतील."

बाबा काहीतरी बोलणार होता. मी हात वर केला.

"आणि निघताना फाटकाशी 'मुलं तुला विसरणार नाहीत हं' असं आपल्यापैकी कुणीही तिला म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं."